चारी चाकांना ब्रेक

देवगाव रंगारीच्या अप्पारावांचं नाव निघालं की कडूबा मिस्तरी आधी थुंकायचा, मग बोलायचा. अप्पाराव म्हणजे चहात पडलेली माशीसुद्धा पिळून टाकणारा माणूस. गेल्या साली कापूस वेचणाऱ्या बायांची ने-आण करायला त्यानं कडूबाकडून ट्रॉली बांधून घेतली, तीही बिनब्रेकची. "ट्रॅक्टरला हाय की ब्रेक. अन् बायांचं वजन असं असतं तरी किती?" पहिल्याच उतारावर ट्रॉलीनं ट्रॅक्टरला असं ढकललं की बावीस बाया बाभळीत जाऊन पडल्या. त्यात कडूबाच्या बायकोचा, भागूबाईचा, हात मोडला.

आज तेच अप्पाराव पुन्हा वर्कशॉपच्या दारात उभे. "मिस्तरी, दुसरी ट्रॉली बांधा. आख आठ टनाचा टाका, चारी चाकांना ब्रेक लावा. पैशाकडं बघू नका."

कडूबानं तोंडात आलेली थुंकी गिळली. चला, भागूबाईचा हात अगदीच फुकट गेला नाय, असं त्याला वाटलं. त्यानं स्वतःच्या खिशातून चहा मागवला. "मालक, बायांना बसायला दोन्ही अंगांनी बाकडी लावून देतो. माझ्याकडून."

अप्पारावांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला.

"बायांना ती जुनी हायच की. आमच्या पोरानं, सुदर्शननं, डीजे घेतलाय, ही त्याच्यासाठी. ते बॉक्स लई नाजूक असतात, मिस्तरी. त्यांना बायांसारखं धरून बसता येत नाय."