लाल पंगत

शरयूच्या मनगटावरचा, पत दाखवणारा दिवा हिरवा दिसताच मंगल कार्यालयाचं दार आपोआप उघडलं. नवऱ्याचा धंदा बुडाल्यापासून गेल्या महिन्यापर्यंत तो दिवा लालच होता. क्रेडिट कार्डावर फक्त दूध-भाजी घ्यायची आणि बिल आलं की पुरतं फेडायचं, असं करत करत तिने आपली पत परत मिळवली होती.

“या वहिनी, आत बसा!” दीर लगबगीने पुढे आले. मागच्या लग्नात यांनीच तिला बाहेर बसवलं होतं.

बाहेर मांडवात लाल दिव्यांची पंगत बसली होती. तिथे नलूमावशी दिसली. त्या दिवशी तिनेच सरकून शरयूला जागा दिली होती.

शरयू मागे फिरली आणि थेट मावशीशेजारी जाऊन बसली. मनगटावरच्या दिव्यातून सूचना आली, “लाल पंगतीत जेवल्यास आपली पत घटेल.”

“ऊठ गं बाई! एवढ्या कष्टाने मिळवलीस,” मावशी कुजबुजली.

“घटू दे. चढवायची कशी, ते आता मला पाठ आहे. तुझं कार्ड काढ, जेवता जेवता तुलाही शिकवते.” मग मागोमाग आलेल्या दिरांकडे तिने मान वळवली. “आणि भावजी, नुसते उभे काय राहिलात? मठ्ठा वाढा!”