जुईचं पाणी

नदी स्वच्छ झाल्यापासून जुईला येणारे फिटचे झटके वाढले होते. तिला पुन्हा दवाखान्यात आणलं तेव्हा डॉक्टर मुळ्यांनी तिच्या आईवडिलांना बाजूला घेतलं.

“गोळी देताय, पण रक्तात औषध सापडत नाही. दिगंबर, तुझे जिवाणू तिच्या पोटात मुक्कामाला आलेत.”

ते जिवाणू दिगंबरनेच घडवले होते. ते नदीच्या पाण्यातलं शिसं धरून ठेवत आणि कारखान्यांची रसायनं खाऊन टाकत. गावाने त्याची मिरवणूक काढली होती. जुईची गोळीही त्यांच्या लेखी आणखी एक रसायनच होती.

“मारून टाका त्यांना,” हेमांगी म्हणाली.

“मारायचं औषधही ते खातात, वहिनी.”

दिगंबर म्हणाला, “त्यांचं पोट आधी भरलं, तर गोळी वाचेल.”

दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्याच्या नाल्याचं पाणी आणलं. जुई तोंड वाकडं करत ते प्यायली. झटके थांबले.

पावसाळा संपेपर्यंत तिच्या हिरड्या निळसर झाल्या. ती पाढे विसरली, मग मैत्रिणींची नावं. नाल्यातलं शिसं जिवाणूंना पुरून उरत होतं. दिगंबरने पाणी निम्मं केलं, त्याच संध्याकाळी ती झटका येऊन जिन्यावरून कोसळली.

सकाळी हेमांगीने पेला काठोकाठ भरला.

“थोडं कमी दे,” दिगंबर म्हणाला.

“काल तू घरात नव्हतास. मी उचललं तिला.”

जुईने पेला रिकामा केला आणि अनोळखी बाईकडे पाहावं तसं आईकडे पाहिलं.