पट्टीचा पहिलाच दिवस

अंबिकाबाईंची कातडी भारी नखरेल. साधं बँडेज लावलं तरी पुरळ उठायचं. म्हणून आपल्या माटुंग्याच्या प्रयोगशाळेत बनवलेली, हृदयाचे ठोके मोजणारी मऊ पट्टी रुपालीने सगळ्यात आधी आईच्याच छातीवर चिकटवली. "खाजणार नाही, टोचणार नाही. अंगावर आहे हे विसरूनच जा," असं बजावून ती कामावर गेली.

तासाभरात तिच्या मोबाइलवर नाचणारी आईच्या ठोक्यांची रेघ एकाएकी आडवी झाली. आई फोनही उचलेना. रुपाली टॅक्सीने नायगावला घरी पोचली आणि चाळीचे तीन मजले एका दमात चढली.

आई ओल्या केसांना पंचा गुंडाळून आमटीला फोडणी देत होती.

"आई! पट्टी कुठाय?"

आईने आरशाकडे बोट दाखवलं. टिकल्यांच्या रांगेत पट्टीही चिकटून बसली होती.

"न्हायला जाताना काढली गो. टिकली नाही का आपण आरशाला लावून ठेवत? तुझी पट्टी मात्र झकास हां, अलगद निघाली. पुन्हा लावणारच होते."

रुपालीला नुसती धाप लागली होती. आईने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, आरशावरची पट्टी सोडवली आणि लेकीच्या गळ्याखाली चापून बसवली.

पिशवीतला मोबाइल बोंबलायला लागला: 'ठोके धोक्याच्या पातळीवर. ताबडतोब जवळच्या नातेवाइकाला बोलवा.'

"सांग त्याला, नातेवाईक हजर आहे," पाण्याचा तांब्या पुढे करत आई म्हणाली. "बस आधी."