मिटलेलं झाकण

झाकण मिटलं तरी लॅपटॉप झोपत नव्हता. आत पंखा घरघरत होता आणि खालून चटका बसत होता. नव्या अपडेटनंतर अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली होती, म्हणून शाल्मली सकाळपासून सिस्टिमच्या गाभ्यातले, म्हणजे कर्नेलमधले, सगळे बदल निम्मे-निम्मे करून चाळत होती.

शेवटी एकच बदल हाती उरला आणि त्याखाली तिचंच नाव निघालं. तिनं तो तपासला होता, नाही असं नाही. पण टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर. त्याला मिटायला झाकणच नव्हतं!

तोच कर्नेल तिनं काल मोठ्या कौतुकानं नवऱ्याच्या लॅपटॉपवर चढवला होता, आणि नवरा आज लेकीला घेऊन बसनं चिपळूणला निघाला होता. लॅपटॉप मिटून, जाड बॅगेत कोंबून. घाटात फोन लागेना. ती पुन्हा पुन्हा लावत राहिली. एकदाचा त्यानं उचलला.

"निशाद, लॅपटॉप..."

"हळू बोल गं," तो कुजबुजला. "चिऊचा आत्ताच डोळा लागलाय. बॅग मस्त उबदार लागतेय म्हणाली, उशाला घेऊन झोपलीय."