न पोचलेलं पत्र

पणजोबा नावाजलेले पत्रकार आणि कवी. त्यांचा पत्रव्यवहार छापायला निघालेल्या पणतूने सकाळी त्यातलं एक पत्र गॅसवर धरून जाळलं. त्यात पणजोबांनी आपल्या धाकट्या बहिणीला लिहिलं होतं, ‘माझ्या नावावरच्या कविता तुझ्या आहेत.’

“सगळी पत्रं घेतलीस ना?” बायकोने विचारलं.

“सगळी,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

दुपारी त्याने त्या पत्राला आलेलं बहिणीचं उत्तर काढलं. ते त्याला तोंडपाठ होतं: ‘दादा, तुझं पत्र वाचून मन निवलं.’ कागदावर मात्र त्याच विटक्या शाईत होतं, ‘दादा, तुझं पत्र आलं नाही.’

पुढच्या पत्रातही तेच. त्याच्या पुढच्यातही.

शेवटच्या पत्रातलं अक्षर थरथरलेलं होतं. ‘मी आता फार दिवसांची सोबतीण नाही. तेवढं पत्र दे.’

आणि मायन्यात ‘दादा’ऐवजी ते नाव होतं, ज्या नावाने या पणतूला फक्त त्याची आई हाक मारायची.