बाकावरचा भुंगा

एकदा कुणाच्या मागे लागली की सोडायची नाही, म्हणून अकरावीतल्या त्या मुलीला घरात सगळे ‘भुंगा’ म्हणायचे. तिला संशोधन करायचं होतं आणि मार्गदर्शक म्हणून मानसशास्त्राच्या बाईच हव्या होत्या. मेलला उत्तर येईना, तेव्हा ती कॉलेज सुटलं की थेट बाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर ठाण मांडू लागली. सुरुवातीला तिथे आणखी चार-पाच मुलं असायची, ती केव्हाच पांगली. बाई मात्र रोज दार किलकिलं करून बघायच्या आणि पुन्हा लावून घ्यायच्या.

“अगं, सोड आता त्यांचा पिच्छा,” आई वैतागून म्हणाली.

“भुंगा नाव ठेवलंत ना? मग भोगा!”

शेवटी एक दिवस बाईच तणतणत बाहेर आल्या. “बये, घरी जा ना गं!”

“जाते, पण निदान तुमच्या संशोधनाचा विषय तरी सांगा, मॅडम.”



बाईंनी कपाळाला हात लावला. “आत घेतलंच नाही, तर मुलं किती दिवसांत नाद सोडतात, हाच विषय! बाकीची सगळी आठवड्यात गेली, तुझ्या एकटीपायी माझा निष्कर्ष वर्षभर लटकलाय!”