पाठीशी ऊन

मामाला जाऊन महिनाही झाला नव्हता, तोच मी त्याचा ट्रामच्या फोटोंचा खोका त्याच्याच टेबलावर पालथा केला. ट्रामवेड्यांच्या मंडळात हे सगळे फोटो मीच काढलेत म्हणून मला मिरवायचं होतं.

"ह्यांनी काढलेत ते," दारात उभी राहून मामी म्हणाली.

"तू गप्प बस," म्हणत मी पहिल्या फोटोच्या मागे माझ्या नावाचा शिक्का हाणला.

मामा नेहमी ऊन पाठीशी घेऊन फोटो काढायचा. त्यामुळे प्रत्येक फोटोत खाली त्याची सावली असायची, कॅमेरा डोळ्याला लावून उभी. शिक्का मारलेला फोटो मी उलटून पाहिला. ट्राम होती, रूळ होते, सावली मात्र नव्हती.

बरंच झालं, म्हटलं, पुरावाच गेला. मग मी थांबलोच नाही.

शेवटचा शिक्का मारला तेव्हा समोरच्या खिडकीतून ऊन थेट माझ्या तोंडावर येत होतं. तरीही माझ्या पाठीमागून एक सावली टेबलावर पडली आणि माझ्या हातांवर येऊन थांबली. तिची दोन्ही कोपरं वर उचललेली होती.

मी मान वळवू लागलो.

"हलू नकोस," मामी शांतपणे म्हणाली. "हललेला फोटो हे फाडून टाकायचे."